शाळा सुटली तरी वाट सुटत नाही

जून-जुलैच्या मासेमारी बंदीत आम्ही सातपाटीला गेलो होतो. पापलेटसाठी नावाजलेल्या या बंदरात होड्या किनाऱ्याला लागलेल्या होत्या. जाळे दुरुस्त करत बसलेल्या एका तरुणाशी बोलणे निघाले. वडील आजारी पडले म्हणून नववीतच त्याची शाळा सुटली. मासळी पूर्वीसारखी मिळत नाही, म्हणून तो बोईसरला कारखान्यात काम मागायला गेला. "दहावी झाली का, एवढंच विचारलं. पुढचा प्रश्नच नाही," तो म्हणाला.

हे दुःख आपल्याला परके नाही. अब्बांचे आजारपण आले की मुलगा गॅरेजमध्ये जातो, लग्न ठरले की मुलीचे दप्तर माळ्यावर जाते. पुढे दहा वर्षांनी शिकावेसे वाटले, तर परत कुठून सुरुवात करायची?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात एका प्राध्यापकाने आयुष्य घातले. त्यांचे नाव डॉ. राम ताकवले. मूळचे भौतिकशास्त्राचे अध्यापक, पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरू. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झाले, तेव्हा ते त्याचे पहिले कुलगुरू झाले. नंतर त्यांनी दिल्लीच्या इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचीही धुरा सांभाळली. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले.

'ज्ञानगंगा घरोघरी' हे मुक्त विद्यापीठाचे ब्रीद. ज्यांच्याकडे शाळेचा दाखला नव्हता, अशा प्रौढांसाठी तेथे पूर्वतयारीचा अभ्यासक्रम आला. तो पार केला की पदवीचे दार उघडत असे. पण नुसते दार उघडून भागत नाही, आत आलेला माणूस टिकला पाहिजे. म्हणून एकट्याने वाचून समजतील अशी मराठी पुस्तके तयार झाली, जवळच्या कॉलेजात अभ्यासकेंद्रे निघाली. तेथे शिकवणाऱ्याला 'संमंत्रक' म्हटले गेले. त्याने व्याख्यान द्यायचे नाही, अडलेले सोडवून द्यायचे.

दुसरी गोष्ट रोजगाराची. शेतीच्या अभ्यासक्रमांत प्रमाणपत्र, मग पदविका, मग पदवी अशा पायऱ्या होत्या. मध्येच थांबावे लागले तरी झालेले शिक्षण वाया जात नसे. पुढे एमकेसीएलच्या उभारणीतही ताकवले यांचे मार्गदर्शन राहिले. २००१ पासून गावोगाव पोहोचलेला 'एमएस-सीआयटी' हा संगणकाचा कोर्स याच संस्थेचा.

आज आपण काय करावे? प्रवेशाचे नियम बदलत असतात. अनेक नोकऱ्यांत आणि आयटीआयच्या बहुतेक ट्रेडमध्ये दहावी विचारतातच. म्हणून आधी तो टप्पा पूर्ण करावा. राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून शाळेत न जाताही दहावी-बारावीला बसता येते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे एनआयओएसची, परीक्षा हाही मार्ग आहे. फॉर्मच्या तारखा आणि पात्रता जवळच्या हायस्कुलात आधीच विचारून घ्याव्यात. झटपट पदवी देतो म्हणणाऱ्यांना पैसे देऊ नयेत. विद्यापीठाला आणि त्या अभ्यासक्रमाला मान्यता आहे का, हे पाहिल्याशिवाय फी भरू नये.

घरच्यांनीही थोडे द्यायला हवे. सुनेला संध्याकाळचा एक तास मोकळा मिळाला, कामावरून आलेल्या मुलाला 'या वयात कसली शाळा' असे कोणी हिणवले नाही, तर अर्धे काम होते. फीपेक्षा हा तासच पुष्कळदा महाग पडतो.

सातपाटीच्या त्या तरुणाने १७ नंबरच्या फॉर्मची माहिती नीट विचारून घेतली. मग म्हणाला, "बंदीचे दोन महिने तरी पुस्तक हातात धरता येईल." आपल्या घरात असे कोणी थांबलेले असेल, तर आज जेवताना त्याच्याकडे किंवा तिच्याकडे हा विषय काढा.