Explained: नाव स्टुडिओचे, दाढी स्वतःची! हॉलिवूडचा ‘विंडी’ रातोरात ‘गॅबी’ का झाला?
हॉलिवूडच्या जुन्या काउबॉयपटांत हिरोसोबत हमखास दिसणारा दाढीवाला, तिरसट म्हातारा म्हणजे जॉर्ज हेज. १९२९ मध्ये शेअर बाजार कोसळला, पुंजी बुडाली आणि रंगभूमीवरून निवृत्त झालेले हेज चाळिशीनंतर सिनेमाकडे वळले. घोड्यावर बसायलाही तेव्हाच शिकले! ‘हॉपअलाँग कॅसिडी’ मालिकेतला त्यांचा ‘विंडी’ गाजला. पण १९३९ मध्ये मानधनावरून बिनसले. हेज बाहेर पडले, ‘विंडी’ या नावाचे हक्क मात्र पॅरामाउंटकडेच राहिले. मग रिपब्लिक स्टुडिओत तोच म्हातारा ‘गॅबी’ नावाने परतला. गंमत म्हणजे दोन्ही नावांचा अर्थ जवळपास एकच, बडबड्या! रॉय रॉजर्ससोबत हे नाव असे रुळले की श्रेयनामावलीतही ‘जॉर्ज गॅबी हेज’ झळकू लागले. पडद्याबाहेर हेच गॅबी सुटाबुटातले टापटीप गृहस्थ होते.