स्तनांची घनता आणि कर्करोगाची तपासणी

मॅमोग्राम म्हणजे स्तनाचें क्ष-किरणचित्र. तें निर्दोष आलें म्हणजे मनावरचें ओझें उतरतें. परंतु त्या निर्वाळ्यावर सर्वच स्त्रियांनीं सारखा विश्वास टाकावा काय, एवढाच आजच्या भाषणाचा प्रश्न आहे.

दुग्धग्रंथी, त्यांना आधार देणारे तंतू आणि मेद यांचा स्तन बनलेला असतो. मेदांतून क्ष-किरण सहज पार होतात, म्हणून तो चित्रांत काळसर दिसतो. ग्रंथी व तंतू त्यांना अडवितात, म्हणून ते पांढरे उमटतात. हा पांढरा भाग जितका अधिक, तितकी घनता अधिक. हाताला स्तन कठीण लागो वा मऊ, त्यावरून ती कळत नाहीं. तज्ज्ञांनीं तिच्या चार पायऱ्या मानल्या आहेत. अमेरिकेंत तपासणी करविणाऱ्या स्त्रियांपैकीं शेंकडा सुमारें १० जणींचे स्तन अत्यंत घन व तितक्याच जणींचे जवळजवळ मेदमय आढळतात; बाकीच्या मधल्या दोन पायऱ्यांत येतात. वयाबरोबर घनता बहुधा उतरते. तेव्हां हा रोग नव्हे, शरीराची ठेवण आहे.

मग अडचण कोठें? कर्करोगाची गांठही पांढरीच उमटते! कापसाच्या ढिगांत पांढरा मणी हुडकावा, तशी तपासणाऱ्याची स्थिति होते. शिवाय घनता स्वतःच धोका वाढविते. १९७६ सालीं डेट्रॉइटचे डॉ. जॉन वुल्फ यांनीं या संबंधाकडे लक्ष वेधलें. अत्यंत घन स्तनांच्या स्त्रीस मेदमय स्तनांच्या स्त्रीहून सुमारें चौपट धोका असतो. मात्र सर्वसाधारण स्त्रीशीं ताडून पाहतां तो दुपटीच्या आसपासच भरतो.

यावर उपाय काय? नेदरलंड्समध्यें अत्यंत घन स्तनांच्या, परंतु मॅमोग्राम निर्दोष आलेल्या कांहीं स्त्रियांस एम. आर. आय. तपासणी देऊं केली. दोन तपासण्यांच्या मधल्या काळांत उघडकीस येणारे कर्करोग हजारीं ५ वरून २.५ वर आले, असें २०१९ सालीं प्रसिद्ध झालें. पण ही तपासणी खर्चाची. तींत निष्कारण धास्तीचे प्रसंगही पुष्कळ येतात. अमेरिकेंत सप्टेंबर २०२४ पासून प्रत्येक स्त्रीस तिच्या घनतेची माहिती देणें बंधनकारक झालें आहे.

आपल्या भगिनींनींही अहवाल हातीं येतांच घनता कोणत्या पायरीची, हें डॉक्टरांस अवश्य विचारावें. आणि चित्र निर्दोष असूनही गांठ हातास लागली, तर चित्रावर विसंबूं नये; तत्काळ पुन्हां तपासून घ्यावें.