युरेनियमचा गोळा आणि मायक्रोग्रॅमचा हिशोब

शिर्डीहून मनमाड रस्त्याने नगरकडे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरकडे, निघालं की राहुरीच्या पुढे के. के. रेंजचा पट्टा जवळ येतो. लष्कराच्या आर्मर्ड कोअरचं केंद्र नगरात आहे आणि रणगाड्यांच्या गोळाबारीचा सराव या रेंजवर होतो. चिलखत भेदणारा गोळा तोफेतून सुटतो तेव्हा सेकंदाला साधारण 1,700 मीटर धावतो. तोच वेग टिकला तर नगर ते शिर्डी हे ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर तो 50 सेकंदांत कापेल. या गोळ्यात स्फोटकं नसतात, असते एक अणकुचीदार जड सळई. आपल्या लष्कराची सळई टंगस्टनच्या मिश्रधातूची असते आणि ती तिरुचिरापल्लीच्या कारखान्यात तयार होते. अमेरिकेने मात्र त्याच कामासाठी युरेनियम निवडलं.

अणुइंधनासाठी लागणारं युरेनियम-235 बहुतांशी काढून घेतल्यावर उरतं ते निःसत्त्व युरेनियम. एक लिटर आकारमानाला त्याचं वजन 19 किलो, तर शिशाचं 11. शिवाय ते पोलादात घुसताना बोथट होत नाही आणि त्याचा भुगा हवेत पेट घेतो. 1991 च्या आखाती युद्धात असं सुमारे 300 टन युरेनियम वाळवंटात पडलं. पुढे हजारो सैनिकांना थकवा, सांधेदुखी, विसरभोळेपणा जडला आणि संशय साहजिकच या धातूवर गेला. त्याचं अर्धायुष्य 447 कोटी वर्षं, जवळजवळ पृथ्वीच्या वयाइतकं. हा आकडा ऐकून कुणाच्याही पोटात गोळा येईल.

पण हा आकडा उलटा वाचायला हवा. एका ग्रॅम युरेनियममध्ये अडीच कोटी कोटी कोटी अणू असतात आणि त्यातले सेकंदाला फुटतात जेमतेम बारा हजार. वर्षाकाठी साडेसहाशे कोटी अणूंमागे एक! अर्धायुष्य लांब याचा अर्थच किरणोत्सर्ग संथ. त्यातून निघणारे अल्फा कण कातडी ओलांडत नाहीत. ते घातक ठरतात धूळ श्वासातून फुप्फुसात गेली तर.

आता शिर्डीशेजारच्या राहात्याची पेरूची बाग घ्या. आपली काळी माती बसाल्टची, तिच्यात युरेनियम जगाच्या सरासरीपेक्षा कमी. टनाला अर्धा ग्रॅम धरू. एक एकर, एक फूट खोल, म्हणजे सुमारे 1,700 टन माती. त्यात साडेआठशे ग्रॅम युरेनियम निघतं. अमेरिकेच्या ए-10 विमानाच्या एका गोळीत ते 300 ग्रॅम असतं, म्हणजे एकरात जवळपास तीन गोळ्यांचा माल पसरलेला आहे. अन्नपाण्यातून आपण रोज एक-दोन मायक्रोग्रॅम युरेनियम पोटात घालतो आणि त्यातलं बहुतेक बाहेर टाकतो.

म्हणून भीती निराधार म्हणायची का? तसं नाही. मातीत विखुरलेलं युरेनियम वेगळं आणि पेटलेल्या रणगाड्यात बसून छातीत ओढलेली त्याची धूळ वेगळी. लंडनच्या रॉयल सोसायटीने 2001 मध्ये हेच सांगितलं: बहुतेक सैनिकांना धोका फार कमी, पण गोळा लागलेल्या रणगाड्यातल्या माणसांना फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढू शकतो. शिवाय युरेनियम जड धातू आहे, त्याचं विष आधी मूत्रपिंडाला बाधतं. आपल्याच सैन्याचे गोळे चुकून लागलेल्या अमेरिकी सैनिकांची तपासणी बाल्टिमोरमध्ये 1993 पासून चालू आहे. ज्यांच्या मांसात तुकडे रुतून राहिले, त्यांच्या लघवीत कित्येक वर्षांनीही युरेनियम जास्तच सापडलं. मूत्रपिंडं मात्र शाबूत राहिली.

2021 मध्ये रँडल पॅरिश आणि रॉबर्ट हेली यांनी दीडशेच्या वर माजी सैनिकांची लघवी अतिसूक्ष्म मापनाने तपासली. आजारी असोत की धडधाकट, त्यांच्या लघवीत निःसत्त्व युरेनियमचा मागमूस नव्हता. पुढच्याच वर्षी हेलींनी 1,016 सैनिकांच्या अभ्यासातून सरीन या विषारी वायूकडे बोट दाखवलं. त्यांचा निष्कर्ष असा की, हा वायू मोडून काढणारं जनुक ज्यांच्यात दुबळं होतं, त्यांना तो जास्त बाधला. आजार खरा होता, तो मनाचा खेळ नव्हता. आरोपी चुकीचा पकडला गेला होता, आणि त्यात माणसांची तीस वर्षं गेली याचं मला फार वाईट वाटतं. इराकमधल्या बसऱ्यात भंगार रणगाड्यांवर खेळणाऱ्या मुलांना मात्र या अभ्यासातून उत्तर मिळत नाही.

आपल्याकडे के. के. रेंजलगतच्या खारे कर्जुन्यासारख्या गावांना धोका आहे तो स्फोटकं भरलेल्या पण न फुटलेल्या गोळ्यांचा. भंगारापायी ते उचलून माणसं दगावली आहेत. आणि टंगस्टन म्हणजे निर्धोक असंही समजू नये. 2005 मध्ये अमेरिकी लष्कराच्या शास्त्रज्ञांनी टंगस्टन, निकेल आणि कोबाल्टच्या मिश्रधातूचे बारीक तुकडे उंदरांच्या स्नायूंत बसवले. ज्यांना जास्त मात्रा मिळाली, त्या प्रत्येक उंदराला काही महिन्यांतच त्या जागी कर्करोगाची गाठ झाली. अंगात तुकडा राहिलेल्या आपल्या प्रत्येक जवानाची लघवी दरवर्षी तपासली गेली पाहिजे, तुकडा कोणत्याही धातूचा असो, आणि निवृत्तीनंतरही.