कर्जफेड : एक दीर्घ मुदतीचे पथ्य

यंदाच्या स्मरणिकेसाठी संपादक मंडळाने लेख मागितला, तेव्हा बालरोगतज्ज्ञाकडून लसीकरण, बालदमा किंवा मुलांचा आहार यांपैकी एखादा विषय येईल अशी त्यांची अपेक्षा असणार. या खेपेस मात्र मी असा विषय निवडला आहे, ज्यावर आपण डॉक्टर मंडळी संमेलनात, सहलीत, अगदी जिवलग मित्रापाशीही बोलत नाही. तो विषय म्हणजे घरावरचे मोठे कर्ज, आणि ते वर्षानुवर्षे फेडत असताना मनाची उभारी टिकवण्याचा प्रश्न.

हा विषय निवडण्याचे कारण सरळ आहे. मी स्वतः कर्जदार आहे. २०१३ साली टिळकवाडीत घर बांधले, त्याचे बँकेचे कर्ज. २०१७ साली मुलीला खासगी वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला, त्याचे शैक्षणिक कर्ज. पुढल्याच वर्षी वडिलांचे दीर्घ आजारपण आले, तेव्हा पतसंस्थेत सोने तारण ठेवले. आणि या साऱ्यांतून उरलेल्या फटी बुजवण्यासाठी क्रेडिट कार्ड. २०२० साली टाळेबंदीत बाह्यरुग्ण विभाग ओस पडला, तेव्हा मी एका रात्री सगळ्या रकमांची बेरीज केली. ती ६२ लाखांवर गेली होती. बेळगावसारख्या गावात डॉक्टर म्हणजे सुखवस्तू माणूस, अशी समजूत आहे. त्या समजुतीला तडा जाऊ नये म्हणूनच की काय, ती बेरीज मी कोणालाही दाखवली नाही.

कर्जाची शरीरक्रिया

रोगाची प्रक्रिया समजल्याशिवाय उपचारावर विश्वास बसत नाही. कर्जाचेही तसेच आहे. उदाहरणादाखल ४० लाखांचे गृहकर्ज, व्याज सालीना ९ टक्के, मुदत २० वर्षे असे धरू. मासिक हप्ता सुमारे ३५,९८९ रुपये येतो. पहिल्या हप्त्यातील ३०,००० रुपये केवळ व्याजात जातात, मुद्दलात जमा होतात जेमतेम सहा हजार. दहा वर्षे एकही हप्ता न चुकवता भरल्यावर बाकी किती उरते? २० लाख नव्हे, तर सुमारे २८ लाख ४० हजार! मुद्दल निम्मे होण्यास जवळजवळ १४ वर्षे लागतात आणि उरलेले निम्मे पुढच्या सहा वर्षांत फिटते.

ज्याला हे ठाऊक नाही तो आठव्या-नवव्या वर्षी बँकेचे विवरणपत्र पाहतो आणि खचतो. "एवढे भरले, तरी हे हलतच नाही," असे त्याला वाटते. वस्तुतः हलत असते. पण सुरुवातीची गती मंद असणे हा त्या प्रक्रियेचाच भाग आहे.

नवजात बालकाच्या वजनाची गोष्ट आपणा सर्वांना ठाऊक आहे. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत ते थोडे घटते आणि सहसा दहा ते चौदा दिवसांत जन्मवजनावर परत येते. ज्या घरी बाळाला रोज तागडीत घालतात, त्या घरी आईची झोप उडते. म्हणून आम्ही सांगतो, रोज वजन करू नका. ठरलेल्या दिवशी या, तक्त्यावर बिंदू मांडू आणि रेषेची दिशा पाहू. कर्जाच्या बाबतीत हा सल्ला मला स्वतःला देण्यास मात्र आठ वर्षे लागली.

याच गणिताची दुसरी बाजू आशादायक आहे. वरच्या उदाहरणात पहिल्या महिन्यापासून हप्त्याखेरीज दरमहा ५,००० रुपये मुद्दलात भरले, तर २० वर्षांचे कर्ज १४ वर्षे ८ महिन्यांत फिटते आणि एकूण व्याजात सुमारे १४ लाखांची बचत होते. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर अशा मुदतपूर्व भरण्यासाठी बँकांना दंड आकारता येत नाही. रिझर्व्ह बँकेने २०१२ सालीच तसे आदेश दिले आहेत.

आणखी एक सावधगिरीची गोष्ट. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर गेला. तेव्हा पुष्कळांचा हप्ता तोच राहिला. मुदत मात्र मुकाट्याने वाढली. माझीही वाढली होती, आणि हे मला कित्येक महिन्यांनी कळले. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने अशा वेळी कर्जदाराला कळवण्याचे आणि हप्ता वाढवावा की मुदत, हा पर्याय देण्याचे बंधन घातले. तरीही वर्षातून एकदा उरलेल्या हप्त्यांची संख्या स्वतः तपासावी, हे उत्तम.

कोणते कर्ज आधी?

गणित सांगते, ज्याचे व्याज सर्वाधिक ते आधी. क्रेडिट कार्डाची थकबाकी दरमहा तीन टक्क्यांच्या वर व्याज खाऊ शकते; म्हणजे वर्षाला ३६ टक्क्यांहून अधिक. तेथे केवळ किमान रक्कम भरत राहणे म्हणजे जंतुसंसर्गावर नुसते पॅरासिटॅमॉल देण्यासारखे आहे. ताप उतरतो, रोग वाढतो.

पण मनाचे गणित निराळे असते. डेव्हिड गॅल आणि ब्लेकली मॅकशेन या संशोधकांनी अमेरिकेतील एका कर्जमुक्ती कार्यक्रमातील हजारो लोकांच्या नोंदी तपासून २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकेक खाते पूर्ण बंद करत गेलेले लोक अखेरपर्यंत टिकण्याची शक्यता अधिक होती, मग ते बंद झालेले खाते लहान रकमेचे का असेना. अर्थात ही नोंदींवरून काढलेली संगती आहे, कार्यकारणाचा पुरावा नव्हे. पण अनुभवाला ती पटते. माझ्या बाबतीत सुदैवाने सर्वांत महाग कर्ज हेच सर्वांत लहानही होते. कार्डाचे खाते बंद झाले त्या दिवशी झालेला आनंद त्या रकमेच्या मानाने फारच मोठा होता. त्यानंतर सोने सोडवले. पत्नीच्या हातात तिच्या पाटल्या परत ठेवल्या, तेव्हा ती काही बोलली नाही; मीही बोललो नाही.

लपवलेले दुखणे

त्या पाटल्या तारण आहेत हे तिला ठाऊक होते. कार्डाचे मात्र ठाऊक नव्हते. डिसेंबर २०२१ मध्ये एक टपाल तिच्या हाती पडले. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, "अहो, पेशंटच्या आईवडिलांना तुम्हीच सांगता ना, डॉक्टरांपासून काही लपवू नका म्हणून?"

त्या रात्री आम्ही दोघांनी सर्व कर्जे एका कागदावर मांडली. मुलांच्या वाढीचा असतो तसा एक तक्ता आलेखाच्या कागदावर काढला आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. महिन्याच्या एक तारखेला एक बिंदू. मधल्या काळात त्याकडे पाहायचे नाही, हा नियम. पहिले सहा महिने रेषा जवळजवळ आडवीच होती. पण आडव्या रेषेकडे दोघांनी मिळून पाहणे आणि एकट्याने पाहणे, यांत फार अंतर आहे. पुढे मुलगी इंटर्नशिप करू लागली, तेव्हा फोनवर आधी तिचा प्रश्न येई, "बाबा, तक्ता कुठवर आला?"

लेखणी आणि हप्ता

आता जे लिहितो ते प्रामुख्याने माझ्या समव्यवसायी मित्रांसाठी आहे. २०१९ च्या पावसाळ्यात एका रात्री सात महिन्यांचे बाळ आले. सौम्य ब्राँकिओलायटिस. श्वासाचा वेग थोडा वाढलेला, पण दूध पीत होते, रक्तातील प्राणवायू ९७ टक्के, घर हाकेच्या अंतरावर. "भरती करून घेऊ," असे मी म्हणालो आणि कागद पुढे ओढला. हप्त्याची तारीख दोन दिवसांवर होती. लिहिता लिहिता हात थांबला. ही भरती कोणासाठी, असा प्रश्न मी स्वतःला विचारला आणि उत्तर मला आवडले नाही. आईला धोक्याची लक्षणे समजावून बाळाला घरी पाठवले, सकाळी परत बोलावून तपासले. बाळ उत्तम होते. मी मात्र उत्तम नव्हतो.

कर्जाचा खरा धोका हा आहे. ते नुसते पैसे खात नाही. तपासणीच्या टेबलावर आपल्या आणि बाळाच्या मध्ये येऊन बसते. त्यावर मी दोन व्यावहारिक उपाय केले. पहिला म्हणजे, रुग्णालयातून स्वतःला ठरावीक मासिक वेतन घेणे आणि घरचे हप्ते त्यातूनच भरणे. दुसरा म्हणजे, जादा भरणा सुरू करण्यापूर्वी तीन हप्त्यांची रक्कम वेगळ्या खात्यात राखून ठेवणे. ही गंगाजळी जमवताना कर्जफेड थोडी लांबली. पण हप्त्याची तारीख आणि लेखणी यांची ताटातूट झाली, हा लाभ माझ्या मते व्याजातील कोणत्याही बचतीपेक्षा मोठा आहे.

शेवटी

क्षयरोगाचा उपचार सहसा सहा महिने चालतो आणि अनेक रुग्ण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात बरे वाटले म्हणून औषध सोडतात. कर्जफेडीतही घसरण बहुधा निराशेपेक्षा अशा पहिल्या आरामाच्या वेळीच होते. एक खाते बंद झाले की नवी गाडी खुणावू लागते. म्हणून सुटलेल्या हप्त्याची रक्कम त्याच महिन्यापासून पुढच्या कर्जाकडे वळवावी, हे पथ्य आम्ही पाळले. वर्षातून एकदा गोव्याला दोन दिवसांची सहल मात्र राखून ठेवली. अगदीच कडक पथ्य कोणीच फार दिवस पाळत नाही.

ज्यांना हप्ते झेपेनासे झाले असतील त्यांनी ते थकण्यापूर्वीच बँकेशी बोलावे. आणि मन काळवंडू लागले तर मनोविकारतज्ज्ञ मित्राचे दार ठोठवावे, किंवा सरकारच्या टेली मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक फिरवावा. यात कमीपणा नाही.

तुकोबांनी आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. पण ते धनको होते. ऋणकोला ती सोय नाही. त्याने एक तारखेला बिंदू मांडावा, हेच खरे. आमच्या कपाटाच्या दारावर आता एकच रेषा उरली आहे, घराच्या कर्जाची, आणि ती उतरणीला लागली आहे. ती तळाला टेकेल त्या वर्षीच्या स्मरणिकेसाठी मी लसीकरणावर लेख देईन, असे संपादकांना आताच सांगून ठेवतो.