अनाथ ठरवण्याची घाई

माझ्या पणजीचे मूळ नाव आमच्या कुटुंबात कोणालाही ठाऊक नाही. १८९७ च्या दुष्काळात, सात-आठ वर्षांची असताना, ती जबलपूर जिल्ह्यातील एका मदतछावणीतून मिशनच्या अनाथालयात आली. तेथे तिला बायबलमधील एक नाव मिळाले आणि तेच आयुष्यभर राहिले. नोंदवहीत गावाच्या रकान्यात ‘अज्ञात’ असे लिहिले होते, असे माझे आजोबा सांगत. पणजीला मात्र गावातील विहीर आठवत असे, चिंचेचे झाड आठवत असे आणि आपल्याहून धाकटा भाऊ आठवत असे. त्याला दुसऱ्या बैलगाडीत बसवले होते. ती गाडी कोठे गेली, हे तिला अखेरपर्यंत कळले नाही. ज्या संस्थेने तिला जगवले, शिकवले, तिचे लग्न करून दिले, त्या संस्थेचा मी ऋणी आहे. ती नसती तर हा लेख लिहिणारा मीही नसतो. परंतु त्या रकान्यातील एका शब्दाबद्दलची माझी तक्रारही तितकीच जुनी आहे.

इतिहासाचा पदव्युत्तर विद्यार्थी, त्यानंतर महसूल प्रशासनातील अधिकारी आणि जन्माने व श्रद्धेने ख्रिस्ती, अशा तिन्ही नात्यांनी मी या प्रश्नाकडे पाहत आलो आहे. पूर, भूकंप किंवा साथ यांनंतर एकटे सापडलेले मूल पाहिले की समाजाला दोन गोष्टींची घाई होते. एक, त्याला खाऊ घालण्याची. ती योग्यच आहे. दुसरी, त्याला अनाथ ठरवण्याची.

१८९६-९७ चा दुष्काळ मध्य प्रांतावर अकस्मात कोसळला नव्हता. जबलपूर भागात १८९३ पासूनच पिके बिघडत चालली होती. १८९६ मध्ये पावसाने पाठ फिरवली, तेव्हा शेतकऱ्याजवळ ना बियाणे उरले होते ना पत. १८९१ आणि १९०१ च्या जनगणना शेजारी ठेवल्या, तर या जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे नऊ टक्क्यांनी घटलेली दिसते. त्या घटीत मृत्यू आहेत, न झालेले जन्म आहेत आणि रस्त्याला लागलेली माणसेही आहेत. अशा वेळी कुटुंब एकदम नाहीसे होत नाही, ते विखुरते. बाप खडी फोडायला एका कामावर, आई मुलाला घेऊन दुसऱ्या छावणीत, आजी गावातच. त्यातील एखादे मूल वाटेत सुटले की सरकारी कागदावर ते अनाथ होई.

याच काळात पंडिता रमाबाई पुण्याहून मध्य प्रांतात आल्या. मराठी वाचकांना रमाबाईंची ओळख करून देण्याची गरज नाही. तरी त्यांच्या चरित्रातील एक बाब या संदर्भात लक्षात घेतली पाहिजे. १८७० च्या दशकात दक्षिणेतील दुष्काळात त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि थोरली बहीण अन्नावाचून मरण पावली होती. त्या स्वतः दुष्काळाने पोरक्या केलेल्या मुलींपैकी होत्या. सोबत भाऊ श्रीनिवास होता म्हणून त्या तरल्या. मध्य प्रांतातील भुकेलेल्या मुलींची वार्ता त्यांच्या कानी आली, तेव्हा त्यांना वर्णन वाचण्याची आवश्यकता नव्हती.

छावण्यांतून आणि गरीबखान्यांतून फिरताना त्यांनी जे पाहिले, ते त्यांनी लिहून ठेवले आहे. भुकेइतकीच त्यांना भीती वाटली ती मुली हेरणाऱ्या माणसांची. मूठभर धान्याच्या मोबदल्यात मुली नेल्या जात होत्या आणि छावणीचे पहारेही नेहमी विश्वासाचे नव्हते. सुमारे तीनशे मुली व स्त्रिया रमाबाईंनी आपल्याबरोबर नेल्या. पुण्यात त्या वेळी प्लेगने हाहाकार माजवला होता; शहरात एवढ्या माणसांना ठेवण्यास सरकारी मज्जाव झाला. मग दौंडजवळच्या केडगावी घेतलेल्या जमिनीवर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. आजचे मुक्ती मिशन त्यातून उभे राहिले. १९०० च्या गुजरात दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या जवळ पोहोचली. विणकाम, छापखाना, शेती, तेलघाणी अशी कामे मुली शिकल्या. एका विधवेने, राजसत्तेच्या पाठबळाशिवाय, हे केले. प्रशासनात इतकी वर्षे काढलेल्या माणसाला या व्यवस्थेपुढे नम्र व्हावे लागते.

पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथेच थांबता येत नाही. शारदा सदनातील मुलींवर होणाऱ्या धार्मिक प्रभावाच्या प्रश्नावरून १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले होते. दुष्काळात हा वाद अधिक तीव्र झाला, कारण आता प्रश्न अशा मुलांचा होता, ज्यांच्या वतीने बोलणारे कोणीच उरले नव्हते. मिशनऱ्यांनी अनाथालये उघडली. ती पाहून लाला लजपत राय यांनी आर्य समाजाच्या वतीने मध्य प्रांतातील हिंदू अनाथ मुलांना पंजाबात नेण्याची मोहीम चालवली आणि पुढे १९०१ च्या दुष्काळ आयोगापुढे या विषयावर साक्षही दिली. अनाथ मूल प्रथम त्याच्या नातलगांकडे, नंतर स्वधर्मीयांकडे आणि ते शक्य नसल्यासच इतरांकडे जावे, असे सरकारी धोरणाचे सर्वसाधारण सूत्र होते. सूत्र चांगले होते. अंमलबजावणी करणाऱ्या तहसीलदारापुढे मात्र शेकडो उपाशी मुले आणि दारात उभी दोन-तीन बैलगाड्या असत. त्याने काय केले असेल, हे मी समजू शकतो. मला त्याच्यावर रागावता येत नाही.

मिशनऱ्यांकडे पाहण्याची जी संशयाची दृष्टी आमच्या प्रांतात रुजली, तिची मुळे या बैलगाड्यांपर्यंत जातात. नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेश सरकारने १९५४ मध्ये नियोगी समिती नेमली. १९५६ च्या तिच्या अहवालातील पुष्कळ निष्कर्ष मला एकांगी वाटतात. तरी ख्रिस्ती समाजाने एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा: आपण मुलाला वाचवले, पण त्याचे मागचे दोर सांभाळले का?

बायबल या बाबतीत आमच्या अनेक जुन्या संस्थांहून अधिक सावध आहे. याकोबाच्या पत्रात अनाथ आणि विधवा यांच्या संकटात धावून जाणे ही खऱ्या धर्माची कसोटी मानली आहे, हे प्रत्येक ख्रिस्ती माणसाला ठाऊक असते. त्या पत्रात अनाथ आणि विधवा यांचा उल्लेख एकत्र येतो, याकडे मात्र कमी लक्ष जाते. ज्याला आपण अनाथ म्हणतो, त्याची आई अनेकदा जिवंत असते. ती विधवा असते, निर्धन असते. एस्तेर आई-बापाविना वाढली ती मर्दखय या तिच्या चुलतभावाच्या घरी. मोशेची गोष्ट तर याहून बोलकी आहे. नदीत टोपलीत सापडलेले बाळ राजकन्येने उचलले. पण त्याची बहीण काठावर लक्ष ठेवून उभी होती आणि तिच्यामुळे त्या बाळाला दूध पाजायला त्याचीच जन्मदाती आई आली. राजकन्येची करुणा खरी होती. बहिणीची पाळत नसती तर आई मात्र कायमची दुरावली असती.

२२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूरला भूकंपाचा धक्का बसला, तेव्हा मी मदतकार्याच्या नेमणुकीवर होतो. ५.८ तीव्रतेचा तो भूकंप किल्लारीच्या मानाने लहान होता. बळींची संख्या काही दशकांत मोजण्याइतकी होती. रुग्णालयाच्या आवारात मांडवाखाली एक भाऊ-बहीण दोन दिवस बसून होते. तिसऱ्या दिवशी मंडलाकडून आलेल्या एका गृहस्थाने आपण त्यांचे मामा असल्याचे सांगितले. मुलगी त्याच्याकडे पाहून रडली. मी ते ओळखीचे रडणे मानले. एका कोऱ्या कागदावर अंगठा घेतला आणि मुले त्याच्या हवाली केली. चार दिवसांनी मुलांचे काका शोधत आले. तो कागद कोणत्या फायलीत गेला, ते मला सांगता येईना. पुढचे दोन दिवस मी नीट झोपलो नाही. मुले मामाकडेच, सुखरूप सापडली. पण यात माझ्या दक्षतेचा काहीही वाटा नव्हता. तो मनुष्य खरा निघाला, एवढेच.

चांगल्या हेतूने घाई झाली की काय होते, याचे सर्वांत ठळक उदाहरण हैतीचे आहे. १२ जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर दोन-अडीच आठवड्यांतच अमेरिकेतील दहा ख्रिस्ती स्वयंसेवक ३३ मुलांना बसमध्ये घालून डॉमिनिकन प्रजासत्ताकाच्या सीमेवर पोहोचले आणि पकडले गेले. आवश्यक कागदपत्रे त्यांच्याजवळ नव्हती. चौकशीत उघड झाले की बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात होते; त्यांनीच, मुलांना शाळा आणि अन्न मिळेल या आशेने, ती सोपवली होती. त्या स्वयंसेवकांनी प्रार्थना करूनच पाऊल उचलले असणार, याविषयी मला शंका नाही. म्हणूनच ते प्रकरण मला अधिक अस्वस्थ करते.

आपल्याकडील आकडे हेच सांगतात. कोविडकाळातील मुलांविषयी राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दिलेल्या माहितीनुसार, एप्रिल २०२० पासून दोन्ही पालक गमावलेली मुले १०,०९४ होती, तर एक पालक गमावलेली १,३६,९१०. म्हणजे दर चौदा-पंधरा मुलांमागे एकच मूल खऱ्या अर्थाने अनाथ होते. तरीही २०२१ च्या उन्हाळ्यात मोबाइलवर संदेश फिरत होते: अमुक ठिकाणी दोन वर्षांची मुलगी आहे, दत्तक घेणाऱ्यांनी संपर्क साधावा. माझ्या स्वतःच्या चर्चच्या गटातही असा संदेश आला, ‘आमेन’च्या रांगेसह. पाठवणाऱ्या भगिनींना मी फोन करून सांगितले की हा गुन्हा ठरू शकतो, त्या दुखावल्या. त्याच वर्षी जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा बेकायदा दत्तकविधानांवर कारवाई करण्याचे राज्यांना बजावले.

कायदा आता पुरेसा स्पष्ट आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानुसार एकटे सापडलेले मूल चोवीस तासांच्या आत (प्रवासाचा वेळ वगळून) बालकल्याण समितीपुढे आणले पाहिजे. अशा मुलाची माहिती न कळवणे हा दंडनीय अपराध आहे. समितीने नातलगांचा शोध घ्यायचा; त्यानंतरच, दोन वर्षांपर्यंतच्या मुलाबाबत दोन महिन्यांत आणि त्याहून मोठ्या मुलाबाबत चार महिन्यांत, ते दत्तकासाठी मुक्त आहे किंवा नाही हे घोषित करायचे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर दत्तकाचा आदेश जिल्हा दंडाधिकारी देतात. अनेक सद्भावी लोकांना ही प्रक्रिया निष्ठुर वाटते. मला तिच्यात मोशेची ती बहीण दिसते.

अडचण आहे ती संकटाच्या पहिल्या तीन-चार दिवसांची. मी सेवेत असताना जे आपत्ती व्यवस्थापन आराखडे पाहिले, त्यांत नावा, दोर, धान्य, क्लोरीनच्या गोळ्या यांच्या तपशीलवार याद्या असत. एकटे सापडलेले मूल त्या रात्री कोणाच्या ताब्यात राहील, त्याचे छायाचित्र कोण काढेल, बोलीभाषेत त्याच्याशी कोण बोलेल, याचे उत्तर मला क्वचितच सापडले. गोंडी बोलणाऱ्या चार वर्षांच्या मुलाला हिंदीत गावाचे नाव विचारले, तर रकान्यात आजही ‘अज्ञात’ हेच लिहिले जाईल.

आपत्तीनंतर मुले सांभाळण्याचे चांगले दाखलेही आहेत. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० भूकंपग्रस्त मुलांना पुण्यात आणून त्यांच्या निवासाची व शिक्षणाची दीर्घकाळ जबाबदारी घेतली. त्सुनामीनंतर नागपट्टिनम येथे तामिळनाडू सरकारने मुलांसाठी निवासगृह उघडले आणि जिल्हा प्रशासनाने त्यात स्वतः लक्ष घातले. महाराष्ट्रात बालसंगोपन योजनेतून कुटुंबात राहणाऱ्या मुलामागे दरमहा २,२५० रुपये मिळतात. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये ही रक्कम ४,००० रुपये आहे. विधवा आईच्या हाती वेळेवर पडलेले हे पैसे एखाद्या नव्या वसतिगृहापेक्षा अधिक मुलांचे रक्षण करतील, असे माझे मत झाले आहे. ते सांगितले की आमच्या मंडळींतील काही ज्येष्ठ नाराज होतात. इमारतीवर कोनशिला बसवता येते; आजीच्या बँक खात्यात जमा होणाऱ्या रकमेवर बसवता येत नाही.

गेल्या वर्षी आमच्या चर्चमध्ये मी एक साधा प्रस्ताव मांडला. पावसाळ्यापूर्वी, बरगी धरणाखालच्या गावांत कधी प्रसंग ओढवलाच तर मुलांना काही दिवस सांभाळू शकतील अशा कुटुंबांची यादी करून ती जिल्हा बाल संरक्षण अधिकाऱ्यांकडे द्यायची. पडताळणी त्यांनी करायची, मूल कोणाकडे जाईल हेही त्यांनीच ठरवायचे. मुलाच्या धर्मात कोणी हात घालायचा नाही. यादीत गोंडी जाणणारी दोन शिक्षिकांची नावेही आहेत. सोबत जोडण्यासाठी मी एक पानी अर्ज तयार केला: मूल कोठे सापडले, अंगावर कोणते कपडे होते, कोणती बोली बोलते, काय काय आठवते. तरुणांच्या एका प्रतिनिधीने विचारले, ‘काका, हा शेवटचा रकाना एवढा मोठा का ठेवला आहे?’ तो रकाना भावंडांचा होता. ती कोणत्या गाडीतून, कोणाबरोबर आणि कोठे गेली, हे त्यात लिहायचे आहे.