टाकी फुल्ल? जरा थांबा!

मॅन्युअलमध्ये टाकी ३७ लिटरची आणि पंपावर बिल ४० लिटरचं! आमच्या मेसमध्ये या विषयावर सबमिशनपेक्षा जास्त गंभीर चर्चा होते आणि निकाल ठरलेला असतो : 'पंपवाला चोर!' मी पडलो मेकॅनिकलवाला. निकाल देण्याआधी टाकीची बाजूही ऐकावी, असं मला वाटतं.

मॅन्युअलमधला आकडा म्हणजे टाकीचं पूर्ण घनफळ नव्हे. स्विफ्टचे ३७ किंवा जुन्या अल्टोचे ३५ लिटर ही कंपनीने ठरवलेली भरण्याची मर्यादा. तिच्यावर मुद्दाम जागा मोकळी ठेवलेली असते. भरायची नळी आणखी वेगळी. कारण पेट्रोल फुगतं. तापमान १० अंशांनी वाढलं की साधारण १ टक्का. जमिनीखालच्या टाकीतलं २५ अंशांचं पेट्रोल भरून गाडी उन्हात लावली आणि ते ४५ अंशांवर गेलं, तर ३७ लिटरमध्ये जवळजवळ पाऊण लिटरची भर पडते. त्याला जागा नको?

आता नॉझल. त्याच्या टोकाशी एक बारीक छिद्र असतं. पेट्रोल वाहताना व्हेंच्युरीमुळे (फ्लुइड मेकॅनिक्स आठवा!) त्यातून हवा ओढली जाते. पेट्रोल छिद्रापर्यंत चढलं की हवा बंद, व्हॅक्यूम वाढतो, डायाफ्राम खेचला जातो आणि 'खट्'! इथेच थांबायचं. पण आपण म्हणतो, "दादा, राउंड फिगर करा." मग पेट्रोल त्या राखीव जागेत जातं आणि तिथून कार्बन कॅनिस्टरमध्ये शिरू शकतं. कॅनिस्टर फक्त वाफेसाठी असतो. पेट्रोलने तो खराब होतो.

थोडक्यात, ३७ मध्ये ४० बसले एवढ्यावरून चोरी सिद्ध होत नाही. आणि शंका असेलच, तर भांडू नका, ५ लिटरचं माप मागा. वैधमापन विभागाचा शिक्का असलेलं हे माप प्रत्येक पंपावर ठेवावंच लागतं आणि कुठल्याही ग्राहकाला ते मागता येतं. ५ लिटरला २५ मिलीपर्यंतचा फरक चालतो. त्याहून कमी भरलं, तर खुशाल तक्रार करा.

दुसरं टोक म्हणजे काटा लाल रेघेवर ठेवून फिरणारे. हल्लीच्या गाड्यांत, आणि २०२० पासूनच्या बहुतेक बीएस-६ बाइक्समध्येही, फ्युएल पंप टाकीतच बुडालेला असतो. त्याला थंड ठेवतं ते पेट्रोलच. ते कमी पडलं की पंप तापतो. शिवाय घाटातल्या चढावर उरलंसुरलं पेट्रोल एका बाजूला सरकतं आणि गाडी नेमकी वळणावर बंद पडते.

"फुल्ल टाकीच्या वजनाने अॅव्हरेज पडतं ना?" हिशेब करा. ३७ लिटर म्हणजे सुमारे २७ किलो. अर्धी टाकी ठेवून वाचले साडेतेरा. एक सॅक कमी घेतली तरी तेवढंच!

म्हणून माझी चतुःसूत्री :

१. काटा पावावर आला की भरा.
२. पहिल्या 'खट्'ला थांबा.
३. ११० रुपयांचं टाका की १०० चं, यंत्र लिटरच मोजतं. मीटरचं शून्य तेवढं बघा.
४. पहाटे भरण्यासाठी झोपमोड नको. जमिनीखालच्या टाकीचं तापमान दिवसभरात फारसं बदलत नाही.

आणि एक कळकळीची विनंती. बाटलीत पेट्रोल आणून कॉटखाली ठेवू नका. त्याची वाफ शून्याखाली ४० अंशांनाही पेट घेऊ शकते आणि हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते. शेजारच्या रूममधली मॅगीची शेगडी तिला पुरेशी आहे. गाडी ढकलत नेली तर फक्त घाम जातो.