अर्धं डांबर, अर्धी माती

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हुपरीच्या कुठल्याही गल्लीत शिरा, घरोघरी चांदीचं काम चाललेलं दिसतं. एका ओसरीवर पैंजणाच्या कड्या जुळत असतात, पलीकडच्या घरात घुंगरं बसवली जातात, कोपऱ्यावर तयार माल तोलून घेतला जातो. दिवसभर मान खाली घालून हे बारीक काम करणारी पोरं संध्याकाळी गाडीला किक मारून पट्टणकोडोलीच्या नाहीतर रेंदाळच्या रस्त्याला लागली, की आईबापांचा जीव टांगणीला लागतो. शर्यतीचा नाद या भागाला नवा नाही. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडी शर्यतींवर बंदी घातली, तेव्हा गावोगावी हळहळ होती. डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि माळावर पुन्हा गर्दी लोटली. बैलांची जागा मोटारीने घेतली तर या नादाचं काय होऊ शकतं, याचा हा आढावा. त्यासाठी मी मोटारशर्यतीतली एक अवघड वाट निवडली आहे. टुरिंग कार आणि रॅलीक्रॉस या दोन्ही प्रकारांत मुरलेल्या चालकाची ही वाट आहे.

दोन शर्यती, दोन स्वभाव

टुरिंग कार म्हणजे आपल्या दारात उभी असते त्याच जातीची मोटार. आतली गादी, गालिचे काढून टाकायचे, लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवायचा, इंजिन आणि ब्रेक शर्यतीच्या लायकीचे करायचे आणि डांबरी ट्रॅकवर उतरवायची. तिथे सगळी मदार टायरच्या पकडीवर असते. ब्रेक सरळ रेषेत मारायचा, वळणाचा आतला कोपरा नेमका गाठायचा आणि हाच फेरा एकही चूक न करता पुन्हा पुन्हा गिरवायचा.

रॅलीक्रॉसचा जन्म ४ फेब्रुवारी १९६७ चा. इंग्लंडमधल्या केंट परगण्यात लिडन हिल या ट्रॅकवर खास दूरचित्रवाणीसाठी ही शर्यत भरवली गेली आणि पोर्शे ९११ घेऊन उतरलेल्या विक एल्फर्डने ती जिंकली. साधारण किलोमीटरभराचा ट्रॅक, थोडा डांबरी, थोडा मातीचा. मोटारी शेजारी शेजारी उभ्या राहून एकदम सुटतात. अंतिम फेरी सहा फेऱ्यांची, म्हणजे पाचेक मिनिटांत निकाल. प्रत्येकाला एकदा लांबच्या वाटेने जावंच लागतं. त्याला जोकर लॅप म्हणतात आणि तो कधी घ्यायचा यावर शर्यत फिरते. वरच्या वर्गातल्या पेट्रोल मोटारींची ताकद सहाशे अश्वशक्तीच्या घरात असते.

चालकाची खरी परीक्षा डांबर संपून माती सुरू होते त्या पट्ट्यावर असते. डांबरावर जे वळण चाक फिरवून घेता येतं, त्यासाठी मातीत मोटार आधीच आडवी करावी लागते. उजवा पाय ॲक्सिलरेटरवर असतानाच डावा पाय ब्रेकला हलका टेकवून वजन पुढच्या चाकांवर आणायचं. डांबराची सवय झालेला माणूस मातीत उशीर करतो आणि मातीत वाढलेला डांबरावर टायर झिजवून बसतो. म्हणून दोन्हीकडे जिंकणारे चालक मोजकेच.

अरविकाचा पोरगा

त्या मोजक्यांत आजचं सर्वांत मोठं नाव योहान क्रिस्टोफरसनचं. स्वीडनमधलं अरविका हे त्याचं गाव, हुपरीहूनही लहान. जन्म १९८८ चा. वडील टॉमी स्वतः रॅलीक्रॉस चालवायचे आणि घरचाच शर्यतीचा संघ होता. योहानने आधी डांबरावर हात बसवला आणि २०१२ मध्ये स्कँडिनेव्हियन टुरिंग कारचं अजिंक्यपद घेतलं. मग मातीकडे वळून २०१७ मध्ये तो रॅलीक्रॉसचा जगज्जेता झाला. २०१८ मध्ये तर त्याने जागतिक रॅलीक्रॉसच्या १२ पैकी ११ फेऱ्या जिंकल्या आणि त्याच वर्षी स्कँडिनेव्हियन टुरिंग कारचं अजिंक्यपदही पुन्हा घरी आणलं. २०२० ते २०२४ ही पाचही जागतिक विजेतेपदं त्याचीच. मधल्या काळात वरचा वर्ग पेट्रोलवरून विजेवर गेला, तरी जिंकणारा तोच राहिला.

त्याच देशाच्या मातियास एकस्ट्रॉमची गोष्ट वेगळी. जर्मनीतल्या प्रतिष्ठेच्या डीटीएम या टुरिंग कार मालिकेत २००४ आणि २००७ चा विजेता. २०१६ मध्ये त्याच मालिकेची अखेरची फेरी आणि रॅलीक्रॉसची फेरी एकाच आठवड्यात आली, तेव्हा तो डीटीएम सोडून मातीत उतरला आणि जगज्जेता झाला. वडिलांचं वर्कशॉप, गावाजवळचा ट्रॅक आणि थंडीत घसरड्या वाटांवर गाडी चालवण्याची सवय यांतून स्वीडनमध्ये असे चालक पिढ्यान् पिढ्या घडले.

कोल्हापूरची बाजू

वर्कशॉप आपल्याकडेही आहे. कॉलेजची पायरी न चढता यंत्रविद्येत नाव काढणारे म्हादबा मेस्त्री कोल्हापूरचे. उद्यमनगरातले लेथ, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्या आणि हुपरीच्या शेजारची कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहत या परंपरेतच वाढली. देशभरातल्या मोटारींचे सुटे भाग इथून ओतून जातात. दसऱ्याला छत्रपती राजाराम महाराजांची मेबॅक रस्त्यावर यायची लोक देवदर्शनासारखी वाट बघतात. मोटारीवरचं हे प्रेम वरवरचं नाही.

या जिल्ह्याने चालकही दिले. मोहिते कुटुंबाने कोल्हापुरात कार्टिंगचा ट्रॅक आणि अकादमी उभी केली आणि राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या इथे झाल्या. त्याच घरातल्या ध्रुव मोहितेने २०१८ चा फोक्सवॅगन अमिओ कप जिंकला. ही भारतातली पक्की टुरिंग कार मालिका होती. सगळ्यांना एकसारख्या मोटारी मिळत, १.८ लिटरचं टर्बो इंजिन, २०५ अश्वशक्ती. मोटार सारखीच असल्यावर सबबीला जागा उरत नाही, निकाल चालकाचाच लागतो. कोल्हापूरचाच कृष्णराज महाडिक इंग्लंडला जाऊन ब्रिटिश फॉर्म्युला थ्री मालिकेत डबल आर संघाकडून धावला.

अमिओ कपच्या मोटारी फोक्सवॅगन मोटरस्पोर्ट इंडिया बांधत असे. त्याच मंडळींनी पोलो या मोटारीचं एक रॅलीक्रॉस रूपही तयार केलं. इंजिन पुढून काढून चालकाच्या मागे बसवलं आणि ताकद मागच्या चाकांना दिली. डांबरावरून मातीवर जायची वाट आपल्या देशातल्या अभियंत्यांना ठाऊक आहे, याचा हा पुरावा.

मातीतली जिद्द पाहायची तर पुण्याच्या संजय टकले यांच्याकडे पाहावं. वर्षानुवर्षं आशियातल्या रॅलींमध्ये धावून जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी सौदी अरेबियाच्या वाळवंटात जुन्या टोयोटा लँड क्रूझरवर डकार क्लासिक पूर्ण केली आणि एकूणात अठरावा क्रमांक मिळवला. या प्रकारात नुसत्या वेगाला किंमत नसते. ठरवून दिलेली सरासरी गती सांभाळत वाट शोधायची असते.

एक बारा वर्षांचा मुलगा

कार्टिंगच्या ट्रॅकवर पाहिलेलं एक दृश्य माझ्या मनातून जात नाही. बारा वर्षांचा मुलगा, गळ्याभोवती जाड पट्टा, अंगात ढगळ सूट. फेरी संपवून तो आत आला. ट्रॅकवरच्या मेस्त्रीने काही विचारण्याआधी चारही टायरची हवा मोजून वहीत लिहिली आणि मग विचारलं, "मागनं घसरतीया का पुढनं?" पोरगं क्षणभर डोळे मिटून थांबलं आणि म्हणालं, "दुसऱ्या वळणाला पुढनं, बाकी मागनं." मेस्त्रीने मागच्या टायरची थोडी हवा सोडली आणि त्याला परत पाठवलं.

अशा कार्टला गिअर नसतो, स्प्रिंग नसते आणि मागचा आस एकसंध असतो. त्यामुळे वळणावर आतलं मागचं चाक जरा उचललं गेलं, तरच गाडी वळते. ब्रेक डाव्या पायाला असतो. रॅलीक्रॉसमध्ये लागणारी डाव्या पायाची सवय इथेच लागते. मला त्या मुलात हुपरीचा कारागीर दिसला. कडीला डाग देताना ज्योत किंचित जास्त थांबली की चांदी वितळून जाते, हे त्याला हातानेच कळतं. टायर कुठे सुटतो हे त्या पोराला पाठीने कळत होतं. दोन्ही शिक्षणं लहानपणी, रोज, जाणत्या माणसाशेजारी बसूनच होतात.

मधली पायरी

मग अडतं कुठे? कार्टिंग संपलं की पुढचा मोठा ट्रॅक चेन्नई, कोइम्बतूर किंवा ग्रेटर नोएडाला. इथून चेन्नई साडेनऊशे किलोमीटरच्या आसपास. मोटार ट्रकवर चढवायची, मेस्त्री, टायर, मुक्काम, सगळा खर्च घरचा. अमिओ कपसारखी मालिका बंद पडली की चालकाची शिडीच निघून जाते. ज्याच्या घरी पैसा आहे तोच टिकतो आणि हुपरीतला मजुरीवर काम करणारा पोरगा रस्त्यावरच शर्यत लावतो. त्याचा शेवट आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे.

मधली पायरी मातीची असू शकते. ऑटोक्रॉसमध्ये मोकळ्या माळावर खुणा लावून एकेक मोटार घड्याळाविरुद्ध सोडतात. मोटारशर्यतींच्या राष्ट्रीय महासंघाची त्याची राष्ट्रीय स्पर्धाही आहे. त्याला अब्जावधींचा ट्रॅक लागत नाही. माळ, भक्कम कठडा, हेल्मेट, पिंजरा बसवलेली जुनी मोटार, रुग्णवाहिका आणि शिस्तीचा झेंडेवाला एवढं लागतं. बैलगाडीच्या मैदानाची व्यवस्था ज्या गावांना जमते, त्यांना हेही जमेल. फौंड्रीवाल्यांनी सुटे भाग द्यावेत, आयटीआयच्या मुलांनी मोटारी बांधाव्यात, साखर कारखान्यांनी हंगाम संपल्यावर माळ द्यावा. पाच वर्षांत या भागातून राष्ट्रीय दर्जाचा चालक निघेल, असं मला मनापासून वाटतं.

या दिवाळीत आपल्या घरी नवी गाडी येणार असेल, तर पोराच्या हातात किल्ली देण्याआधी एका रविवारी त्याला कार्टिंगच्या ट्रॅकवर घेऊन जा. दहा फेऱ्या मारू द्या आणि परत आल्यावर त्याला मेस्त्रीचा तो प्रश्न विचारा. उत्तर नीट आलं, तर त्याच्या नादाला वाट करून द्यायची जबाबदारी आपली आहे.